वेंधळ्या डिटेक्टिव्हवर एवढा राग कशाला?

लहान मुलांसाठी एखादा ऍनिमेशन सिनेमा येतो, त्यात एक डिटेक्टिव्ह असतो, लांब कोट, हातात भिंग, भरघोस मिशी, आणि तो सिनेमाभर धडपडत असतो, भलत्यालाच पकडतो, खरा चोर शेजारी उभा असला तर त्यालाच पत्ता विचारतो. आणि मग मोठ्या माणसांचा वाद सुरू होतो. एक गट म्हणतो की असल्या सिनेमांमुळे पोरांच्या मनातला पोलिसांचा, एकूणच मोठ्यांचा आदर जातो. दुसरा गट बरोबर उलटं म्हणतो, की पोलिसाला असं गोंडस आणि बावळट दाखवलं की पोरांना वाटतं या माणसाच्या हातात काही सत्ताच नाही, म्हणजे ही खात्याची छुपी जाहिरातच झाली. दोघंही तावातावाने बोलतात आणि दोघांचंही ऐकताना मला वाटत राहतं की यांनी मुलांच्या शेजारी बसून तो सिनेमा बघितलेलाच नाही, फक्त डिटेक्टिव्हचा युनिफॉर्म बघितलाय. माझं मत आधीच सांगून टाकते. वेंधळा डिटेक्टिव्ह ही मुलांच्या सिनेमातली फार मोलाची गोष्ट आहे, कारण मोठ्या माणसाला एखाद्या गोष्टीची शंभर टक्के खात्री असू शकते आणि तरीही तो साफ चुकलेला असू शकतो हे मुलाला इतक्या स्पष्टपणे दुसरं कुणी दाखवत नाही. काळजी करायचीच असेल तर कधीच न चुकणाऱ्या डिटेक्टिव्हची करा.

आधी थिएटरमध्ये नेमकं काय होतं ते बघू. डिटेक्टिव्ह जमिनीवर वाकून पायाचे ठसे तपासतोय, मागच्या पडद्याखालून चोराची शेपटी बाहेर आलीय. कॅमेरा शेपटी दाखवतो, मग डिटेक्टिव्हचा गंभीर चेहरा, मग परत शेपटी. कुणी एक शब्द बोललेलं नसतं आणि हॉलमधली चार-पाच वर्षांची पोरं खुर्चीवर उभी राहून ओरडायला लागतात, "मागे बघ! अरे मागे बघ ना!" तो वळतो, शेपटी आत जाते. तो परत वाकतो, शेपटी परत बाहेर. तिसऱ्या वेळेला तर आख्खा हॉल ओरडत असतो. आता या अर्ध्या मिनिटात त्या मुलाच्या डोक्यात किती काम चाललंय बघा, मला काय माहीत आहे, डिटेक्टिव्हला काय माहीत आहे, आणि डिटेक्टिव्हला काय माहीत आहे असं चोराला वाटतंय, हे तिन्ही हिशोब ते एकाच वेळी सांभाळतंय. १९८३ साली विमर आणि पेर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक गोष्ट सांगितली होती. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते, मग मॅक्सी परत आल्यावर कुठे शोधेल? अगदी लहान मुलं चॉकलेट आत्ता खरोखर जिथे आहे ते कपाट दाखवतात. साधारण चार वर्षांपुढे हळूहळू कळायला लागतं की मॅक्सी जुन्याच कपाटाकडे जाणार, कारण त्याच्या डोक्यात जुनीच माहिती आहे. दुसऱ्याच्या डोक्यात चुकीची गोष्ट असू शकते ही समज माणसाला जन्मतः नसते, ती यावी लागते, आणि वेंधळ्या डिटेक्टिव्हचा प्रत्येक विनोद याच समजेवर उभा असतो. ज्याला आपण पोरखेळ म्हणून बाजूला सारतो तो त्या वयाचा चांगलाच कठीण अभ्यास आहे, आणि मुलं तो आनंदाने ओरडत करतात.

आदराचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. त्याची सगळ्यात भक्कम बाजू अशी, की गर्दीत हरवलेल्या मुलाला युनिफॉर्ममधल्या माणसाकडे जाता आलं पाहिजे, तो आपल्याला मदत करेल एवढा विश्वास पाहिजे, आणि पडद्यावर तो माणूस सतत मूर्ख दिसला तर हा विश्वास कुठून येणार? प्रश्न योग्य आहे. पण यात एक गृहीतक लपलंय, की मूल एका बावळट इन्स्पेक्टरला बघून सगळ्या मोठ्यांबद्दल एकच निष्कर्ष काढतं. मुलं तशी नसतात. २००४ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांवर झालेला एक प्रयोग बराच गाजला होता, त्यात दोन मोठी माणसं मुलांसमोर ओळखीच्या वस्तूंची नावं सांगतात, एक बरोबर सांगतो, दुसरा चुकीची. नंतर एक अनोळखी वस्तू आणली की जी मुलं दोघांतला फरक ओळखू शकली ती आधी बरोबर ठरलेल्याचंच ऐकतात. म्हणजे एवढ्याशा वयातही कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं नाही याची निवड ती करतात, सगळ्या मोठ्यांना एका रांगेत उभं करत नाहीत. आणि या सिनेमांमध्ये वेंधळ्याच्या जोडीला जवळजवळ नेहमीच एक शहाणं पात्र असतं, भाची असेल, कुत्रा असेल, हाताखालची नवीन कॉन्स्टेबल असेल, जिला सगळं बरोबर दिसत असतं. मुलाला दोघं शेजारी शेजारी दिसतात. हरवल्यावर कुणाकडे जायचं हे ठरवायला यापेक्षा चांगली तयारी कुठली?

बरं, हा वाद नवीन आहे का? अजिबात नाही, आणि त्याचा इतिहास बघितला तर आदरवाल्यांची बाजू आणखी कमजोर होते. १९१० मध्ये, म्हणजे सिनेमा अजून मुका आणि पाळण्यात होता तेव्हा, पोलीस प्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सिनेमात पोलिसांना ज्या तऱ्हेने दाखवतात त्याचा निषेध करणारा ठराव केला होता. दोनच वर्षांनी मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीचे पोलीस पडद्यावर आले, गाडीतून धपाधप पडणारे, एकमेकांवर आदळणारे, आणि लोक पोट धरधरून हसले. मग १९३० मध्ये हॉलीवूडने स्वतःसाठी नियमावली लिहिली, ती १९३४ पासून कडकपणे लागू झाली, त्यात कायद्याची थट्टा करायची नाही असं सरळ लिहिलेलं होतं. १९५४ मध्ये अमेरिकन कॉमिक्ससाठी अशीच नियमावली आली, तिने तर पोलीस, न्यायाधीश आणि सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही दाखवायचंच नाही अशी बंदी घातली. त्याच काळात टीव्हीवर ड्रॅगनेट नावाची मालिका प्रचंड लोकप्रिय होती, १९५१ मध्ये ती टीव्हीवर सुरू झाली, लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्याच्या सहकार्याने, त्यातला पोलीस गंभीर, सभ्य, काटेकोर, स्क्रिप्ट खात्याच्या नजरेखालून गेलेली. म्हणजे आदर वाढवायला जे जे करता येईल ते सगळं झालं होतं. आणि १९६५ च्या ऑगस्टमध्ये त्याच लॉस एंजेलिसच्या वॉट्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत पोलिसांनी रस्त्यात केलेल्या एका अटकेवरून भडका उडाला, ३४ माणसं गेली. टीव्हीवरच्या आदर्श पोलिसाने त्या वस्तीतल्या लोकांचा विश्वास कमावला होता का? कसा कमावणार, त्यांचा रोजचा अनुभव रस्त्यावरच्या पोलिसाचा होता. विश्वास वागणुकीतून येतो, आणि वागणूक बिघडली तर कार्टूनमधल्या इन्स्पेक्टरची टोपी कितीही नीट बसवा, काही फरक पडत नाही.

आता अनुकरणाचा मुद्दा, हा जरा अवघड आहे. मुलं बघतात तसं करतात हे काही केवळ आजी-आजोबांचं म्हणणं नाही, अल्बर्ट बँड्युराच्या बाहुलीच्या प्रयोगांनी ते १९६१ मध्ये दाखवून दिलं, मोठा माणूस हवेच्या मोठ्या बाहुलीला बडवतो, मग मुलंही बडवतात, आणि १९६३ मध्ये तोच प्रकार फिल्मवर आणि कार्टूनसारख्या मांजराच्या वेशात दाखवला तरी परिणाम दिसला. त्यामुळे "कार्टूनच आहे, त्याने काय होतंय" असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. पण १९६५ च्या पुढच्या प्रयोगात असंही दिसलं की बडवणाऱ्याला शिक्षा झालेली बघितली तर मुलं आपणहून कमी नक्कल करतात, कृती मात्र त्यांच्या लक्षात राहिलेली असते. याचा अर्थ मी असा घेते, की कृतीनंतर पडद्यावर काय घडतं याला फार महत्त्व आहे. वेंधळा डिटेक्टिव्ह घाईघाईने निष्कर्ष काढतो आणि लगेच तोंडावर आपटतो, दर वेळेला, त्याच क्षणी. उलट तो रुबाबदार, कायम बरोबर ठरणारा हिरो बघा, तो संशयिताची कॉलर पकडतो, दार लाथेने तोडतो, परवानगी वगैरे काही नाही, आणि शेवटी त्याचंच खरं निघतं, त्याला मेडल मिळतं. नक्कल होण्याची भीती कुणाची जास्त बाळगायची मग?

दुसऱ्या गटाचा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. जून २०२० मध्ये अमेरिकेत पोलिसांच्या हिंसेविरुद्ध आंदोलन पेटलेलं असताना पॉ पेट्रोल या छोट्या मुलांच्या मालिकेतल्या पोलीस कुत्र्यावरसुद्धा टीका झाली, अनेकांनी त्या टीकेची टर उडवली, की आता कार्टूनमधल्या पिल्लालाही सोडत नाहीत. टर उडवणं सोपं होतं पण त्यामागचा मुद्दा खरा होता. ज्याच्या हातात अटक करण्याची, कोंडण्याची, मारण्याची ताकद आहे अशा माणसाला आपण मुलांसमोर सतत गोड रूपातच आणत असू तर मुलांना त्या ताकदीबद्दल काहीच कळत नाही. आणि वेंधळ्या इन्स्पेक्टरला हे आणखी लागू पडतं असं हा गट म्हणतो, कारण त्याच्या सगळ्या चुका निरागस असतात, तो कधी पैसे खात नाही, कधी कुणाला जात-धर्म-रंग बघून पकडत नाही, त्याच्या कोठडीत कुणाला मारहाण होत नाही, तो फक्त केळ्याच्या सालीवरून घसरतो. खऱ्या आयुष्यात ज्यांना चुकीने अटक झालीय त्यांना हे बघून हसू येईल का? नाही येणार. हे मला पूर्ण मान्य आहे.

पण इथेच थोडं थांबून विचार करायला हवा, की खऱ्या जगात तपासाच्या मोठमोठ्या चुका करतं कोण? बावळट माणूस? अल्फॉन्स बर्तियाँ हे नाव गुन्हेतपासाच्या इतिहासात फार मोठं आहे. पॅरिस पोलिसांच्या ओळख विभागाचा प्रमुख, शरीराची मापं घेऊन गुन्हेगार ओळखण्याची पद्धत त्याने काढली, जगभर ती वापरली गेली. १८९४ मध्ये फ्रान्समध्ये सैन्यातल्या कॅप्टन द्रेफ्यूसवर हेरगिरीचा आरोप आला, पुरावा म्हणून एक चिठ्ठी होती, आणि तिचं अक्षर तपासायला बर्तियाँला बोलावलं, जो अक्षरतज्ज्ञ नव्हताच. अक्षरात साम्य होतं आणि फरकही होते. साधा माणूस म्हणाला असता, फरक आहेत म्हणजे कदाचित हे अक्षर त्याचं नसेल. बर्तियाँने काय सिद्धांत मांडला? की द्रेफ्यूसने मुद्दाम स्वतःच्याच अक्षराची बनावट नक्कल केलीय, पकडलं गेलं तर नाकारता यावं म्हणून. म्हणजे साम्य दिसलं तरी तो दोषी आणि फरक दिसला तरी तो दोषी. द्रेफ्यूस जन्मठेप भोगायला डेव्हिल्स आयलंड या कैद्यांच्या बेटावर गेला. १८९९ च्या दुसऱ्या खटल्यातही बर्तियाँ तक्ते आणि आकडेमोड घेऊन तेच सांगत उभा होता, आणि १९०४ मध्ये आँरी प्वँकारे यांच्यासारख्या गणितज्ञांनी त्या आकडेमोडीत काही दम नाही असा अहवाल दिला, मग १९०६ मध्ये द्रेफ्यूस निर्दोष ठरला. बारा वर्षं! या सगळ्यात बर्तियाँ एकदाही कशावरून घसरला नाही, त्याची टोपी पडली नाही, तो हुशार, नीटनेटका, मान्यवर माणूस होता. आणि त्याच्या मागे उभं राहून "अरे मागे बघ" म्हणणाऱ्यांचं बारा वर्षं कुणी धड ऐकलं नाही.

हे जुनं झालं म्हणाल तर २००४ घ्या. माद्रिदच्या रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर डिटोनेटरच्या पिशवीवर एक बोटाचा ठसा सापडला, एफबीआयने तो अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या एका वकिलाचा आहे असं ठामपणे सांगितलं. स्पेनच्या पोलिसांनी एप्रिलमध्येच कळवलं होतं की आमच्या तपासणीत जुळत नाही. तरी मे महिन्यात त्या वकिलाला अटक झाली, दोनेक आठवडे तो आत होता, मग स्पेनने तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवलं आणि एफबीआयला माफी मागावी लागली. एकाहून एक अनुभवी तज्ज्ञ, उत्तम यंत्रं, आणि पडद्याआडची शेपटी समोर दिसत असताना कुणी वळून बघायला तयार नाही.

म्हणून मी म्हणते की वेंधळ्या डिटेक्टिव्हचं घसरणं, आपटणं हा वरवरचा भाग आहे, त्याचा खरा दोष त्याची खात्री हा आहे. नीट बघा, चांगल्या सिनेमातला वेंधळा कधीच गोंधळलेला नसतो, गोंधळलेला माणूस थांबून विचारतो तरी. हा विचारत नाही, याचा निष्कर्ष आधी तयार असतो आणि पुरावे तो त्याच्या मापाने कापतो, अगदी बर्तियाँसारखा. फरक एवढाच की इथे ती खात्री मोठी करून, रंगवून दाखवलीय, म्हणून पाच वर्षांच्या मुलालाही ती ओळखता येते. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या वॉलेस अँड ग्रॉमिटच्या सिनेमात हे फार छान केलंय, त्यात चीफ इन्स्पेक्टर मॅकिंटॉश आपल्या आतल्या आवाजावर भरवसा ठेवून सरळ निरपराध वॉलेसला संशयित ठरवतो, आणि हाताखालची नवीन कॉन्स्टेबल मुखर्जी ट्रेनिंगमध्ये शिकवल्याप्रमाणे पुरावा काय सांगतो ते बघायला लागते. दोघांच्या अंगावर एकच युनिफॉर्म आहे. आता सांगा, या सिनेमाने पोलिसांचा आदर कमी केला की वाढवला? जाहिरात केली की टीका केली? प्रश्नच चुकीचा आहे, कारण सिनेमा खात्याबद्दल बोलतच नाहीये, तो अनुभवाच्या जोरावर केलेला अंदाज आणि तपासून बघितलेली गोष्ट यातला फरक दाखवतोय.

आणि हे शेक्सपियरच्या काळापासून चालत आलंय. साधारण १५९८ च्या सुमाराला लिहिलेल्या त्याच्या एका कॉमेडीत डॉगबेरी नावाचा हवालदार आहे, शब्द उलटेपालटे वापरणारा, स्वतःच्या हुद्द्याचा प्रचंड अभिमान असलेला. एका निरपराध मुलीची बदनामी करण्याचा कट राजपुत्र, सरदार, सगळ्या शहाण्यांना कळत नाही, ते आपल्या डोळ्यांनी बघितलं म्हणतात आणि फसतात. तो कट उघडकीला येतो डॉगबेरीच्या रात्रीच्या गस्तीवाल्यांमुळे, त्यांच्या कानावर गुन्हेगाराची बढाई पडते. डॉगबेरी लग्नाआधी मुलीच्या बापाकडे सांगायलाही जातो, पण त्याचं बोलणं इतकं लांबलचक आणि वेडंवाकडं की बाप कंटाळून त्याला वाटेला लावतो. दोष कुणाचा, धड बोलता न येणाऱ्याचा की ऐकायला वेळ नसलेल्याचा? मला वाटतं दोघांचा, आणि नाटकाची गंमत त्यातच आहे.

एक आक्षेप उरतो आणि तो मला स्वतःला छळतो. श्रेयाचा. १९८३ मध्ये सुरू झालेल्या इन्स्पेक्टर गॅजेटच्या मालिकेत प्रत्येक भागात केस सोडवते ती पेनी, त्याची भाची, तिच्या पुस्तकाच्या आकाराच्या कॉम्प्युटरवर, आणि ब्रेन हा कुत्रा वेषांतरं करून मामाचा जीव वाचवत फिरतो. शेवटी चीफ येऊन शाबासकी कुणाला देतो? गॅजेटला. भागामागून भाग हेच. पेनीला राग येत नाही, तिला मामाचं प्रेम आहे. काही लोक म्हणतात मुलांना सगळं कळतं, त्यांना माहीत असतं खरा हुशार कोण, आणि ते बरोबरच आहे, गॅजेट बघत वाढलेल्या कुणालाही विचारा, हिरो कोण होतं, तो पेनीचंच नाव घेईल. पण तरीही मुलाला हेही शिकायला मिळतं ना, की काम एकाने करायचं, नाव दुसऱ्याचं व्हायचं, आणि काम करणाऱ्या मुलीने हसून बाजूला उभं राहायचं? घराघरांत आणि ऑफिसांत हा धडा आधीच भरपूर शिकवला जातो, कार्टूनने त्यात भर घालायची गरज नाही. इथे टीका करणारे बरोबर आहेत आणि सिनेमा बनवणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं. वेंधळेपणा काढून टाकणं हे मात्र ते उत्तर नव्हे, पेनीचं नाव शेवटी मोठ्याने घेणं हे उत्तर आहे.

चूक झाल्यावर तिची किंमत कोण मोजतो, याचंही तसंच. आपल्याकडे मृच्छकटिक आहे, देवलांच्या संगीत नाटकामुळे मराठी माणसाच्या ते चांगल्या ओळखीचं आहे. त्यातला मैत्रेय, विदूषक, एकदम वेंधळा. घरात चोर शिरलाय आणि हा झोपेत बरळत वसंतसेनेच्या दागिन्यांचं गाठोडं चोरालाच चारुदत्त समजून देऊन टाकतो, प्रेक्षक हसून हसून बेजार. पुढे चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा खोटा आळ येतो, न्यायालयात सुनावणी चालू असते, आणि मैत्रेय तिथे येऊन आळ घेणाऱ्या शकाराशी, म्हणजे राजाच्या मेव्हण्याशी, झटापट करतो तेव्हा त्याच्याजवळचे वसंतसेनेचे दागिने सगळ्यांसमोर खाली पडतात. तोच वेंधळेपणा, पण आता कुणी हसत नाही, कारण तेच दागिने जिवलग मित्राविरुद्धचा पुरावा ठरतात. न्यायाधीश वाईट माणूस नाही, चारुदत्त असं करणार नाही हे त्याला आतून वाटतं, पण पुरावा समोर आहे, आणि राजा देहदंड फर्मावतो. मला हे जबरदस्त वाटतं, एकाच पात्राचा एकच दोष आधी हसवतो आणि मग त्याची किंमत दाखवतो. चुकीची किंमत कोण मोजतो हा प्रश्न नाटक टाळत नाही. मुलांच्या बऱ्याचशा सिनेमांत तो टाळला जातो, डिटेक्टिव्ह भलत्यालाच बेड्या घालतो, आपण हसतो, पुढच्या सीनमध्ये तो भलता माणूस कुठे गेला याचा पत्ता नसतो.

आणि काही सिनेमे सरळ वाईटच असतात, त्यांची वकिली मी करणार नाही. जिथे विनोद डिटेक्टिव्हच्या जाडेपणावर आहे, तोतरेपणावर आहे, त्याच्या परक्या उच्चारावर आहे, तिथे मूल खात्रीला हसत नसतं, शरीराला हसत असतं, आणि उद्या वर्गातल्या जाड मुलाला हसतं. ही गल्लत अनेक दिग्दर्शक करतात कारण ते सोपं आहे, त्याला पटकथेची मेहनत लागत नाही. आदरवाल्यांनी आपली ताकद युनिफॉर्मपेक्षा इथे लावली असती तर मी त्यांच्या पहिल्या रांगेत उभी राहिले असते.

मग मला हवंय तरी काय? २०१६ च्या झूटोपियामध्ये ज्युडी हॉप्स नावाची सशीण पोलीस आहे, ती वेंधळी नाही, चांगली हुशार आहे. ती केस सोडवते आणि पत्रकारांसमोर उभी राहून एक घाईचं विधान करते, की शिकारी प्राण्यांच्या रक्तातच काहीतरी असेल म्हणून ते पिसाळतायत. तिच्या या एका वाक्याने शहरात शेजारी शेजाऱ्याला घाबरायला लागतो, तिचा मित्र निक, जो स्वतः कोल्हा आहे, दुखावून निघून जातो. मग तिला खरं कळतं, ती निकला शोधत जाते आणि काहीही सबब न सांगता, रडत, आपण चुकलो, आपण अडाणीपणे वागलो असं तोंडावर कबूल करते. मुलांच्या सिनेमात तपास करणारा अधिकारी चुकीची माफी मागतोय, तीही ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे जाऊन, हे किती वेळा बघितलंय तुम्ही? हाच सीन मला वेंधळ्या डिटेक्टिव्हच्या वाट्याला आलेला बघायचाय. पाठलाग संपला, चोर सापडला, चीफने शाबासकी दिली, पेनीचं नाव घेतलं, आता त्या इन्स्पेक्टरने सिनेमाच्या सुरुवातीला ज्या माळ्याला बेड्या घातल्या होत्या त्याच्या दारात जावं, टोपी काढावी, आणि माझं चुकलं म्हणावं. माळ्याने लगेच माफ केलं नाही तरी चालेल. दोन मिनिटांचा सीन आहे, ऍनिमेशनचा फार खर्चही नाही, आणि पुढच्या वेळी असा सिनेमा आला की दोन्ही गटांनी भांडायचं असेल तर या दोन मिनिटांसाठी निर्मात्याशी भांडावं.